ड्रायव्हरच्या दारातला आवाज

मित्रांनो, रामकृष्ण हरी! गाडीच्या डॅशबोर्डवर, स्टिअरिंगच्या शेजारी, काचेचा जो चौकोन दिसतो ना, त्यात राहणारा मी एक जुना वाटाड्या आहे. कुणी मला नेव्हिगेशन म्हणतं, कुणी जीपीएस. आमच्या घरच्या बनुबाई मात्र मला ‘डबड्यातली बाई’ म्हणतात, कारण माझा आवाज बाईचा आहे.

माझा जन्म गाडीबरोबरच कारखान्यात झाला. मोबाइलसारखं मला खिशात घालून नेता येत नाही. गाडी जाईल तिथे मी. माझ्या दोन गोष्टी आधी समजून घ्या. गाडीच्या टपावर माझी एक छोटी अँटेना आहे. तिला आभाळातून कळतं की गाडी आत्ता कुठे उभी आहे. आणि माझ्या पोटात नखाएवढं एक कार्ड आहे. कुठला रस्ता कुठे जातो, ते सगळं त्या कार्डात. आभाळ कधी शिळं होत नाही. कार्ड होतं. रस्ते बदलले आणि कार्ड जुनंच राहिलं, की माझ्यासारखा वाटाड्या ठाम आवाजात चुकीचं सांगू लागतो.

माझी पहिली वर्षं पुण्यात गेली. तिथले साहेब घरातून कचेरीत जात आणि कचेरीतून घरी येत. त्यांना माझी गरज पडली नाही. पुढे ही गाडी वीरधवलनं विकत घेतली. तो फौजेत नोकरीला. इस्लामपूरजवळच्या गावी त्याचं घर, थोडा ऊस, आई बनुबाई, वडील हंबीरराव आणि बायको शिवांजली. ही शिवांजली कीर्तनकार आहे. लग्नाआधीपासून कीर्तनं करायची, आणि लग्नानंतर सासरच्यांनी कीर्तन सोडायला लावलं नाही, उलट गाडी घेऊन दिली. असं घर मला मिळालं, ही पांडुरंगाचीच कृपा.

गाडी चालवायची ती हंबीररावांनीच, हे आपोआप ठरलं. तेही फौजेतलेच. उभा जन्म त्यांनी डोंगरदऱ्यांतून मोठे ट्रक हाकले होते. शिवांजलीला गाडी येत होती, लायसनही होतं, पण सासरे म्हणत, “कीर्तनाला जाणाऱ्या माणसानं मागं निवांत बसावं. मनात अभंग घोळवावा. गिअर मी बघतो.” आणि कीर्तन सुरू झालं की हेच हंबीरराव तिच्या मागे टाळ घेऊन उभे राहत. सासरा ड्रायव्हर आणि सासराच टाळकरी. गावोगावच्या बायका बनुबाईंना विचारत, “असला सासरा कुठनं आणलासा वं?” बनुबाई म्हणत, “माझ्या आईबापानं बघून दिलाय!”

सुरुवातीला मी हिंदीतून बोलायचा. ‘आगे से दाएँ मुड़ें’ म्हटलं, की हंबीरराव सलाम ठोकून म्हणत, “जी, मेमसाब!” आणि सरळ डावीकडे वळत. उसाच्या दोन फडांमधली एखादी पाणंद त्यांना ठाऊक असे, तिच्यातून गाडी घालत. माझ्या कार्डात तिथे रस्ताच नाही! मी बिचारा ‘रास्ता बदला जा रहा है’ म्हणत राही.

मग वीरधवल सुट्टीवर आला तेव्हा मला सांगलीला जयराजकडे नेलं. जयराजचं गाडीच्या सामानाचं दुकान आहे. माझ्यासारख्यांची पोटं उघडण्यात त्याचा हात हलका. त्यानं तेव्हाचं नवं कार्ड घातलं आणि मला मराठी आवाज दिला. शिवांजलीनं शेजारी बसून एकेक गाव माझ्यात साठवलं. पण गावाच्या नावानं नाही! माझ्या यादीत ‘माईक बंद पडला’ हे एक गाव आहे. ‘गुळाचा चहा’ आहे. ‘पत्र्यावर माकडं’ आहे. एका गावाला काय नाव द्यावं ते तिला सुचेना, तर बनुबाई मागून म्हणाल्या, “जिथं ती म्हातारी गळ्यात पडून रडली, तसं लिव्ह.” तसंच लिहिलं. जयराज हसला. म्हणाला, “वहिनी, उद्या ही गाडी कुणी चोरली तर चोराला एक गाव घावायचं न्हाई!”

ते माझे सोन्याचे दिवस होते. सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांतली किती तरी गावं मी पाहिली. मंडपाच्या बाहेर उभा राहून किती कीर्तनं ऐकली. हंबीररावांचं आणि माझं भांडण मात्र चालूच. मी म्हणायचा, “उजवीकडे वळा.” ते म्हणायचे, “गप्प बस गं. तुला काय ठावं? तिकडं आज बाजार हाय.” आणि खरोखरच तिकडे बाजार असायचा.

पुढे एका उसाच्या हंगामात हंबीरराव माझं ऐकायला लागले.

मी ‘उजवीकडे’ म्हटलं की उजवीकडे, ‘डावीकडे’ म्हटलं की डावीकडे. पाणंदी सुटल्या. वाद संपले. मित्रांनो, मला फार बरं वाटलं. एवढ्या मोठ्या ड्रायव्हरला आपलं मोल पटलं, असं मी समजलो. यंत्राला यापेक्षा जास्त काय हवं असतं?

त्याच दिवसांत ते एकटेच मला घेऊन सांगलीला जयराजकडे गेले.

“जयराज, एक काम करायचं. ह्या बाईचा आवाज फकस्त माझ्या दारात आला पायजे. मागं अजिबात न्हाई.”

“का वं नाना? एवढा झ्याक आवाज घातलाय.”

“सूनबाई मागं बसून अभंग घोकती. हिच्या बडबडीनं तिचं चरण चुकतं.”

जयराजला ते पटलं. त्यानं माझा आवाज बाकीच्या स्पीकरांतून काढून घेतला आणि ड्रायव्हरच्या दारातल्या स्पीकरात तेवढा ठेवला, तोही अगदी हळू. मग हंबीरराव म्हणाले, “आन् नकाशा बी नगं. विठोबाचा फोटू दिसू दे.” तेही झालं. काचेवर विठोबा, आणि विठोबाच्या मागे लपून मी, मांडीजवळच्या दारातून कुजबुजणारा. जयराज म्हणाला, “सुनेची एवढी काळजी करणारा सासरा मी बघितला न्हाई, नाना.” हंबीरराव नुसते स्टिअरिंगवरून हात फिरवत राहिले.

तेव्हापासून मागच्या सीटवर सगळ्यांना वाटे, हंबीरराव अजून मनातल्या नकाशावरच गाडी हाकतात. बनुबाई कौतुकानं म्हणत, “आमच्या ह्यांना रस्ता विचारावा लागत न्हाई.” आणि तेव्हाच मी दारातून सांगत असे, “पुढच्या चौकात डावीकडे.”

एके दिवशी हंबीरराव इस्लामपूरच्या बाजारातून भाजी घेऊन आले, गाडीत बसले, आणि बराच वेळ गाडी सुरूच केली नाही. मग त्यांनी विठोबाचा फोटो बाजूला सारला आणि माझ्या यादीतलं ‘घर’ हे बटण दाबलं.

घर! ज्या रस्त्यानं दावं तुटलेला बैलसुद्धा एकटा गोठ्यात येतो, तो रस्ता ते मला विचारत होते. मी सांगितला. दुसरं काय करणार? पण त्या दिवशी माझ्या ध्यानात आलं, की हे ऐकणं निराळं आहे. कुणाला सांगावं, तर मला ‘उजवीकडे’, ‘डावीकडे’ आणि ‘मागे वळा’ याखेरीज शब्द नाहीत.

यंदा सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याच्या पुढे, नीरेच्या अंगाला, एका गावानं शिवांजलीला काल्याच्या कीर्तनाला बोलावलं. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गावात हरिनामाचा सप्ताह बसतो. शेवटच्या दिवशी सकाळी काल्याचं कीर्तन होतं. त्यात दहीहंडी फुटते, काला वाटला जातो, आणि मगच गाव पंगतीला बसतं. तोवर पोराबाळांसकट सगळे खोळंबलेले असतात. काल्याचं कीर्तन हा मोठा मान. त्या गावात तो मान बाईमाणसाला पहिल्यांदाच मिळत होता, आणि ते काही जणांना रुचलं नव्हतं. शिवांजलीला हे माहीत होतं. गाडीत बसताना ती म्हणाली, “मामंजी, आज उशीर नगं हां. आज उशीर झाला तर बाई म्हणून नाव ठेवतील.”

“आपुन कवा उशीर केलाय?” हंबीरराव म्हणाले.

पहाटेच निघालो. कऱ्हाड मागे पडलं. साताऱ्याच्या अलीकडे मात्र हायवेचं रुंदीकरण चाललं होतं. मधला रस्ता अडवून सगळ्या गाड्या खालच्या सर्व्हिस रोडनं काढून दिल्या होत्या. मित्रांनो, तो सर्व्हिस रोड माझ्या कार्डात नव्हता. वीरधवलच्या त्या सुट्टीनंतर कुणी कार्ड बदललंच नव्हतं. मला वाटलं, गाडी हायवे सोडून कुठल्या तरी वावरात शिरली. मी माझ्या कर्तव्याप्रमाणे दारातून सांगितलं, “शक्य असेल तेव्हा मागे वळा.”

पूर्वीचे हंबीरराव असते तर म्हणाले असते, “गप्प बस गं, समोर एवढ्या गाड्या चालल्यात त्या काय वावरात चालल्यात?” पण ते वळले. पुलाखालून पलीकडे गेले, आलो त्याच दिशेला परत निघाले. पुढे पुन्हा एक पूल आला. मी म्हणालो, “उजवीकडे वळा.” ते वळले. पुन्हा तोच सर्व्हिस रोड. पुन्हा मी, “मागे वळा.” पुन्हा ते वळले.

रस्त्याकडेला एक रसवंती होती. लाकडी चरक, त्याला बांधलेले घुंगरू, आणि पिवळ्या साडीची एक बाई ऊस घालत होती. ती बाई आता आमच्याकडे टक लावून बघायला लागली.

शिवांजली मागे बनुबाईंशेजारी डोळे मिटून बसली होती. तिचा फोन वाजला. सप्ताह भरवणाऱ्या मंडळींपैकी उदयसिंह म्हणून होते, त्यांचा.

“ताई, कुठवर आलासा? हंडी बांधून झाली.”

“साताऱ्याजवळ हाय. येतोच.”

“जरा बिगी करा. हितं नावं ठेवणारी टपूनच बसल्यात. एकजण तर आत्ताच म्हणला, पावडर लावत असंल.”

शिवांजलीनं फोन ठेवला आणि डोळे उघडून बाहेर पाहिलं. “मामंजी, ही रसवंती मगाशी बी गेली की.”

“आवं,” बनुबाई म्हणाल्या, “रस प्यायचा आसंल तर एकदाचं थांबा तरी. त्या बाईभवती किती येटोळी घालायची? तिचा नवरा काय म्हणंल?”

कुणी हसलं नाही. हंबीररावांनी गाडी कडेला घेतली आणि बंद न करता नुसतीच उभी केली. कपाळावर घाम. पुढच्या काचेतून ते रस्त्याकडे बघत राहिले. आणि त्या शांततेत मी, माझ्या नेमाप्रमाणे, दारातून कुजबुजलो, “शक्य असेल तेव्हा मागे वळा.”

शिवांजली दोन सीटांच्या मधून पुढे वाकली. कान दाराकडे नेला. मग हात लांब करून काचेवरचा विठोबा बाजूला केला. मागे मी होतो, नकाशासकट.

“मामंजी?”

त्यांनी स्टिअरिंग सोडलं. मग म्हणाले, “सूनबाई, रस्ता दिसतुया. पण कुठला हाय, ते कळंना झालंय.”

“कवापासनं?”

“गेल्या उसाच्या तोडीपासनं. आधी लांबची गावं गेली. आता जवळची चालल्यात.”

“आन् आमाला सांगितलं न्हाईसा?”

“सांगितलं असतं तर चावी काढून घेतली असती तुमी. चावी गेल्यावर मी कशाला येनार तुज्यासंगं? म्हातारा घरीच बसवला असता. मग तुज्या मागं टाळ घेऊन हुबं कोण राहणार?”

बनुबाई पुढे सरकल्या. मला वाटलं, आता त्या रडतील. पण त्या म्हणाल्या, “म्हंजी तवा तुमी मला माझ्याच म्हायेरला उलट्या बाजूनं नेलं, ते गंमत म्हणून न्हवं व्हय?”

“न्हवं.”

“आन् मी समद्या गावाला हसून सांगितलं.” एवढं बोलून नवऱ्याच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. तो हात पुढे किती तरी वेळ तसाच होता.

शिवांजली खाली उतरली. ड्रायव्हरच्या दाराशी आली. तिनं दार उघडलं.

“मामंजी, कीर्तनात मी एखादं चरण विसरले तर मागनं कोण उचलून देतं?”

“मी देतो.”

“तवा तुमी लोकांना सांगत फिरता का, की सूनबाई विसरली म्हणून? आन् मी लाजून कीर्तन सोडून देते का?”

त्यांनी ‘नाही’ अशी मान हलवली.

“मग हितं बी तसंच. व्हा पलीकडं. म्होरंच बसा, माझ्या शेजारी. मागं न्हाई.”

हंबीररावांनी सीटबेल्ट सोडला. उतरले. दोघांनी जागा बदलल्या. शिवांजलीनं सीट पुढे ओढली, आरसा आपल्या उंचीला केला, पदर खोचला. मग काच खाली करून त्या रसवंतीवाल्या बाईला विचारलं, “मावशी, खंडाळ्याला कसं जायचं?”

“सरळ जावा की,” ती म्हणाली. “समद्या गाड्या कुठं चालल्यात? त्यांच्या मागनं जावा. मी कवाधरनं बघतीया, म्हटलं ह्यांना रस पायजे का प्रदक्षिणा घालायची हाय!”

या खेपेला बनुबाई हसल्या. शिवांजलीही हसली. आणि मग हंबीररावसुद्धा, डोळे पुसत.

शिवांजलीनं मला बंद केलं. मला वाईट वाटलं नाही. माझं कार्ड जुनं झालं होतं; जुन्या कार्डानं सांगत राहण्यापेक्षा गप्प बसणं बरं. आवाज नसला तरी मी ऐकत होतो. खंबाटकीचा बोगदा ओलांडून घाटाचा उतार आला. पुढे उसाचा एक अवजड ट्रक होता. शिवांजलीच्या हातांत थोडी धास्ती उतरली, तसे हंबीरराव बोलू लागले. “घाई करू नगंस. गिअर उतरव. आता वळण उलटं येतंय, भाईर नको जाऊस... हां. आता दे रेस.” गावांची नावं त्यांच्याकडून निसटली होती, पण घाट कसा उतरायचा हे त्यांच्या हातापायांना अजून पाठ होतं. ती ऐकत गेली, ते सांगत गेले. असं सांगणं मला कधी जमणार नाही. मी वळण सांगतो. वळणाला न भिता कसं जावं, ते नाही सांगता येत.

उशीर झालाच. मंडपाजवळ गाडी थांबली तेव्हा उदयसिंह धावत आले. “ताई, गाडी तुमी चालवत आला?” त्यांच्या मागे उभ्या असलेल्या कुणी तरी म्हटलं, “म्हणून उशीर!” शिवांजलीनं ते ऐकलं. खरं कारण सांगितलं असतं तर त्या माणसाचं तोंड तिथेच बंद झालं असतं. तिनं सांगितलं नाही. “चूक झाली, माफी असावी,” एवढं म्हणाली, वीणेला नमस्कार केला आणि उभी राहिली.

मी मैदानाच्या कडेला उन्हात उभा. मंडप दिसत नव्हता, पण कर्ण्यावरून सगळं ऐकू येत होतं. सुरुवातीला मंडपात कुजबूज होती. हळूहळू ती विरली. मृदंग चढला, टाळ जुळले. गोपाळांच्या शिदोऱ्यांचं, एकमेकांच्या तोंडात घास देण्याचं निरूपण रंगात आलं. आणि मध्येच शिवांजली एका चरणाशी थांबली. खरंच विसरली, की मुद्दाम थांबली, ते मला आजवर कळलेलं नाही.

मागून हंबीररावांचा खडा आवाज आला. त्यांनी चरण उचललं. पण ते चरण त्या अभंगातलं नव्हतं. दुसऱ्याच अभंगातलं होतं.

टाळ क्षणभर अडखळले. मी असतो तर तिथेच म्हणालो असतो, ‘मागे वळा.’

शिवांजलीनं तसं केलं नाही. सासऱ्यांनी दिलेलंच चरण तिनं घेतलं. तेच आळवलं, तेच सगळ्या मंडपाकडून म्हणून घेतलं, त्याच वाटेनं निरूपण पुढे नेलं आणि फिरवून फिरवून पुन्हा गोकुळात आणून सोडलं. हंडी फुटली तेव्हा असा गजर झाला की माझी काच थरथरली. पंगतीनंतर उदयसिंह गाडीपर्यंत पोचवायला आले. म्हणाले, “ते मधलं चरण तुमी कुठनं आणलंत, ताई? आमच्या बुवांना बी सुचलं नसतं.”

“आमच्या मामंजींनी दिलं,” ती म्हणाली.

घरी आल्यावर हंबीररावांनी चावी स्वतः शिवांजलीच्या हातात दिली. तिनं ती ठेवून घेतली. खोटं समजावत परत दिली नाही, हे मला आवडलं. वीरधवलला फोन झाला. मग मिरजेच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी औषधं दिली आणि खरं तेही सांगितलं, की गेलेलं सगळं परत येणार नाही, पण जाणारं थोडं थोपवता येईल. माणसांत ठेवा, गाणं सोडू देऊ नका. मिरजेहून परतताना सगळे जयराजच्या दुकानात थांबले. शिवांजलीनं सांगितलं, “भाऊजी, नवीन कार्ड घाला. आन् आवाज समद्या गाडीत सोडा.”

जयराज गोंधळला. “नाना, तुमीच म्हणला व्हता ना, वहिनींचं चरण चुकतंय म्हणून?”

“चुकत व्हतं ते खरं हाय रं,” हंबीरराव म्हणाले. “फकस्त तिचं न्हाई. माजं.”

आता शिवांजली गाडी चालवते, हंबीरराव शेजारी बसतात, टाळ मांडीवर असतात. कधी ते एखाद्या गावाचं नाव सांगतात आणि ते बरोबर निघतं. कधी निघत नाही. मग मी सांगतो. मी चुकलो तर बनुबाई काच खाली करून कुणाला तरी विचारतात. कुणी लपून बोलत नाही.

मित्रांनो, माझं मागणं दोन गोष्टींचं आहे. तुमच्या घरी माझ्यासारखं यंत्र असेल तर त्याचं कार्ड वेळच्या वेळी बदलत जा. आमचा आवाज गोड असला तरी आमची माहिती शिळी होते, आणि आम्हाला ते कळत नाही. आणि दुसरं, घरात जे माणूस रोज तुमच्याशी वाद घालायचं, ते एकाएकी सगळं निमूट ऐकायला लागलं, तर माझ्यासारखे खूश होऊ नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि हळूच विचारा, काय झालं म्हणून.